घरांत आलेली नवी पाटी

घरांत एखादें नवें यंत्र येतें, तेव्हां त्याच्याबरोबर घराची शिस्तहि थोडी बदलते. भिंतीवरचें घड्याळ आलें, तेव्हां त्याला किल्ली कोणीं द्यावयाची हें ठरलें. शिवणयंत्र आलें, तेव्हां मुलांनीं त्याच्या चाकाला हात लावावयाचा नाहीं, असा दंडक झाला. रेडिओ आला, तेव्हां त्याची जागा बैठकीच्या खोलींत ठरली आणि त्याचें बटण फिरविण्याचा अधिकार बहुधा घरांतील कर्त्या पुरुषाकडे राहिला. या सर्व यंत्रांचें एक बरें होतें. प्रत्येकाचें काम एकच होतें व तें त्याच्याकडे पाहतांच समजत असे. घड्याळ वेळ सांगे, शिवणयंत्र शिवी, रेडिओ बोले.

टॅब्लेट ही वस्तु मात्र या परंपरेंतली नाहीं. शाळेच्या पाटीएवढी ती एक काळी कांच. तिला ठराविक काम नाहीं, ठराविक जागा नाहीं आणि ठराविक मालकहि नाहीं. पत्र, वर्तमानपत्र, ग्रंथ, गाणें, खेळ, शाळा, बाजार आणि पेढी हीं सर्व तिच्यांत एकाच वेळीं वास करितात. त्यामुळें ती कोणाची, कोणत्या कामाची, आणि रात्रीं तिनें कोठें असावयाचें, हे तिन्ही प्रश्न घरानेंच सोडवावे लागतात. घरानें ते सोडविले नाहींत, तर त्यांचा निकाल आपोआप लागतो. आणि तो बहुधा घरांतील सर्वांत धीट मुलाच्या बाजूनें लागतो.

या पाटीची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेंतील संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनीं १९७२ सालीं एक निबंध लिहून, वहीसारखा हातांत धरतां येईल असा संगणक कसा असावा, याचें चित्र रेखाटलें होतें. त्याला त्यांनीं डायनाबुक असें नांव दिलें होतें व तो सर्व वयांच्या मुलांसाठीं आहे, असें निबंधाच्या मथळ्यांतच म्हटलें होतें. पुढें २०१० सालीं अ‍ॅपल कंपनीचा आयपॅड बाजारांत आला आणि टॅब्लेट हा शब्द सामान्य माणसाच्या तोंडीं बसला. पुढच्याच वर्षीं, २०११ च्या ऑक्टोबरांत, भारत सरकारनें विद्यार्थ्यांसाठीं ‘आकाश’ नांवाचा स्वस्त टॅब्लेट पुढें आणला. आज अ‍ॅपलच्या टॅब्लेटबरोबर अँड्रॉइड प्रणालीवर चालणारे अनेक प्रकारचे टॅब्लेट मध्यमवर्गीय घरांत दिसतात. के यांच्या मनांतील मुलें ‘सर्व वयांचीं’ होतीं, हें येथें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. चार वर्षांचें मूल कोणाच्याहि मदतीशिवाय टॅब्लेट चालवूं लागतें. यंत्राची आणि घराचीहि खरी परीक्षा होते ती पंचाहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातीं.

डोंबिवलीच्या एका घरची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. घरांत आजी, मुलगा, सून, नववीत शिकणारी नात आणि चार वर्षांचा नातू अशीं पांच माणसें. आजींची लेक लग्नानंतर कॅनडांत स्थायिक झालेली. आजींच्या पंचाहत्तरीस मुलानें दहा इंची पडद्याचा टॅब्लेट आणला. हेतु चांगलाच होता. आईनें ताईशीं समोरासमोर बोलावें, कीर्तनें ऐकावीं, दुपारचा वेळ सुखानें घालवावा, एवढेंच त्याच्या मनांत होतें. रात्रीं जेवणें उरकल्यावर तो खोकें उघडून बसला आणि वीस मिनिटांत त्यानें सर्व कांहीं लावून दिलें. खातें आपलेंच घातलें, पासवर्ड आपलाच दिला, अ‍ॅप्सहि आपल्या फोनमधलींच घेतलीं. “आई, हें बघ, इथें दाबलंस कीं ताईला फोन लागतो. बाकी कशाला हात लावूं नकोस,” असें सांगून तो झोपावयास गेला.

दुसऱ्या दिवशीं सकाळपासून आजींच्या पडद्यावर मुलाच्या कचेरीचीं पत्रें येऊं लागलीं. त्यांतील एक चुकून उघडलें गेलें. तें वाचलेलें ठरल्यामुळें मुलाच्या नजरेंतून सुटलें. तो आईला कांहीं बोलला नाहीं. पण त्याच्या कपाळावर आठी पडली आणि ती आजींनीं पाहिली. तिसऱ्या दिवशीं त्यांचें बोट कांचेवर जरा अधिक वेळ टेकलें, तों ताईचें चित्र जागचें हललें व दिसेनासें झालें. आठवड्याच्या आंत टॅब्लेट नातवाच्या हातीं गेला आणि तो समोर असल्याशिवाय नातवाच्या तोंडांत घांस जाईना. कोणी विचारलेंच तर आजी म्हणत, “मला नको बाई तें. उगीच बिघडायचं.” आईला त्याची आवड नाहीं, अशी सर्वांची समजूत झाली.

दोन महिन्यांनीं एका दुपारीं नातीनें शाळेचें पुस्तक आणून आजींपुढें धरलें व एक उतारा वाचून दाखवावयास सांगितलें. चष्मा सांपडत नाहीं, असें आजी म्हणाल्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. मुलगी शहाणी होती. ती पुढें कांहीं बोलली नाहीं. मात्र त्या दिवसापासून ती लक्ष देऊं लागली. रोज सकाळीं आजी वर्तमानपत्र घेऊन खिडकींत बसत, पानें उलटीत आणि अर्ध्या तासानें घडी घालून ठेवीत. त्यांतील एक ओळहि त्यांना दिसत नव्हती. वर्ष होत आलें होतें. घरांत कोणाला त्रास नको, म्हणून त्यांनीं ही गोष्ट मनांतच ठेविली होती.

मुलीनें टॅब्लेट आणला, वर्तमानपत्राचें पान उघडलें आणि दोन बोटें कांचेवर टेकून एकमेकांपासून दूर नेलीं. मथळा पानभर झाला. आजींनीं तो मोठ्यानें वाचला; नंतर खालची बातमीहि वाचली. स्वयंपाकघरांतून सून बाहेर आली, ती दारांतच उभी राहिली.

पुढच्याच आठवड्यांत आजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यांत आलें. मोतीबिंदू पिकला होता. तो टॅब्लेटनें जाणारा नव्हता. त्याला शस्त्रक्रियाच हवी होती. ती यथाकाल झालीहि. परंतु त्या संध्याकाळीं या घरानें आणखी एक गोष्ट केली. टॅब्लेटमधील सर्व कांहीं पुसून तो कोरा करण्याची सोय सेटिंग्जमध्यें असते. तिचा उपयोग करून त्यांनीं ती पाटी पुसली आणि धडा पहिल्यापासून गिरविला. या वेळीं यंत्र आजींच्या हातांत होतें व बाकीचीं माणसें भोंवतीं बसलीं होतीं. त्यांनीं जें जें केलें, तें कोणत्याहि कुटुंबानें पहिल्याच दिवशीं करावें असें आहे.

पहिला प्रश्न खात्याचा. टॅब्लेट जें खातें ओळखतो, त्याचीच पत्रें, त्याचेच फोटो आणि त्याचेच संपर्क तो दाखवितो. म्हणून ज्याचा टॅब्लेट, त्याच्याच नांवाचें खातें असावें. त्याचा पासवर्ड एका वहींत स्वच्छ अक्षरांत लिहून ती वही कपाटांत ठेवावी, आणि खात्याला घरांतील एका विश्वासू माणसाचा फोन क्रमांक जोडून द्यावा. पासवर्ड विसरल्यावर टॅब्लेट दुकानांत नेऊन उपयोग होत नाहीं. चोरीपासून संरक्षण म्हणून हीं यंत्रें कोरीं केल्यावरहि जुन्या खात्याचा पासवर्ड मागतात आणि तो न मिळाल्यास अडून बसतात. पडद्याचें कुलूप उघडण्याचा आंकडाहि मालकाला स्वतःला पाठ असावा. नवा टॅब्लेट सुरू होतांच बहुधा प्रणालीची नवी आवृत्ति मागतो व ती उतरवून घेण्यांत बराच वेळ जातो. तेवढें काम आधींच उरकून, पूर्ण चार्ज करून, मगच तो वृद्ध माणसाच्या हातीं द्यावा. पहिल्या बैठकींत तासभर फिरणारें चक्र पाहत बसावें लागलें, तर उत्साह तेथेंच मावळतो.

त्यानंतर भाषा आणि अक्षर. दोन्ही प्रणालींना मराठी येतें. भाषेच्या यादींत मराठीला पहिलें स्थान दिलें म्हणजे पुष्कळ सूचना देवनागरींत दिसूं लागतात. अक्षराचा आकार व ठळकपणा वाढविण्याची सोय सेटिंग्जमध्यें असते. शिवाय पडद्याचा कोणताहि भाग भिंगाखालीं धरल्याप्रमाणें मोठा करून पाहतां येतो. या सोयी तरुण माणसाला लागत नाहींत, म्हणून त्या आहेत हेंच त्याला ठाऊक नसतें. टॅब्लेट लावून देणारा बहुधा तरुण असतो आणि वापरणारा वृद्ध. निम्म्या अडचणींचें मूळ येथें आहे.

तिसरी गोष्ट स्वतः बोट. कांचेखालीं विद्युत्प्रभाराचें अतिशय सूक्ष्म जाळें पसरलेलें असतें. मनुष्याची त्वचा विजेला थोडीबहुत वाट देणारी असल्यामुळें स्पर्श होतांच त्या जागचा प्रभार किंचित् बदलतो आणि बोट कोठें टेकलें हें यंत्राला कळतें. नखाला हा गुण नाहीं. म्हणून नखानें टिचकी मारली तर कांच दाद देत नाहीं. वृद्ध माणसांच्या बोटांचीं टोंकें कोरडीं व कधीं घट्टे पडलेलीं असतात. त्यांचा स्पर्श यंत्राला क्षीण वाटतो. मग तीं माणसें जोरानें दाबतात व बराच वेळ दाबून धरतात. जोराचा उपयोग होत नाहीं, आणि अधिक वेळ दाबणें ही यंत्राच्या भाषेंत अगदीं निराळी आज्ञा ठरते: चित्र उचलून हलवावयाचें आहे, असें तें समजतें. आजींच्या लेकीचें चित्र नाहींसें झालें, तें असें. यावर उपाय दोन. बोटाचें टोंक किंचित् ओलसर करून पुसून घ्यावें व कुंकू लावतांना जितका हलका हात लागतो, तितक्याच हलक्या हातानें कांचेला स्पर्श करावा. दुसरें, स्पर्श आणि दाबून धरणें यांतील अंतर वाढविण्याची सोय सुलभतेच्या सेटिंग्जमध्यें असते. ती लावून द्यावी. एवढ्यानें ‘मला जमत नाहीं’ हे शब्द पुष्कळ घरांतून नाहींसे होतील.

शिकविण्याचा मार्ग या घरांत सुनेनें घालून दिला. शिकविणाऱ्यानें आपले हात पाठीमागें ठेवावयाचे, हा तिचा एकच नियम. आजी अडल्या तर तोंडानें सांगावयाचें. यंत्र त्यांच्या हातून घ्यावयाचें नाहीं. दिवसाला एकच गोष्ट, आणि ती तीन वेळां. पहिल्या दिवशीं कुलूप उघडणें व कोठूनहि मुख्य पानावर परत येणें. कारण परत येण्याची वाट ठाऊक असलेल्या माणसाला वाट चुकण्याची भीति राहत नाहीं. ज्या टॅब्लेटांत परतण्यासाठीं बोट खालून वर सरकवावें लागतें, त्यांतील बहुतेक अँड्रॉइड यंत्रांत त्याऐवजीं खालच्या कडेस कायमचीं तीन बटणें ठेवतां येतात. वृद्धांना तीं सोयीचीं पडतात. दुसऱ्या दिवशीं लेकीला फोन. तिसऱ्या दिवशीं वर्तमानपत्र. प्रत्येक धड्याच्या पायऱ्या आजींनीं स्वतःच्या शब्दांत वहींत लिहून घेतल्या. ‘हिरव्या चित्रावर बोट. मग वर ताईचं नांव. मग कॅमेऱ्याचं चित्र.’ छापील पुस्तिकेपेक्षां अशी वही अधिक उपयोगी पडते. कारण तिच्यांत अडणाऱ्याचे शब्द असतात.

लिहिण्याची पाळी आली, तेव्हां मराठी कळफलक शोधावा लागला. याचे मार्ग अनेक आहेत. रोमन अक्षरांनीं उच्चार लिहून त्याचें देवनागरी करून घेतां येतें. नातीला तें आवडतें. इन्स्क्रिप्ट नांवाच्या मांडणींत स्वर डावीकडे व व्यंजनें उजवीकडे असतात. तीं एकदां ध्यानांत आलीं कीं शुद्ध लिहितां येतें. बोटानेंच कांचेवर अक्षर काढून लिहिण्याचीहि सोय आहे. आणि २०१७ पासून गूगलच्या कळफलकाला तोंडी सांगितलेली मराठीहि उतरून घेतां येते. आजींनीं हा शेवटचा मार्ग पत्करला. यंत्र जोडाक्षरांत व आडनांवांत चुका करितें, म्हणून पाठविण्यापूर्वीं मजकूर एकदां वाचून पाहावा लागतो. पण ज्यांच्या हाताला कंप आहे, अशा माणसांना कित्येक वर्षांनंतर स्वतः पत्र लिहितां येणें ही लहान गोष्ट नव्हे.

टॅब्लेटवर वाचावयाचें काय, याची कुटुंबाला चिंता नको. वाई येथून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचे वीसहि खंड आज घरबसल्या विनामूल्य वाचतां येतात. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठानें अशाच रीतीनें खुला केला आहे. आजोळच्या बोलींतला एखादा विसरलेला शब्द त्यांत सांपडला, तर आजी आणि नात या दोघींनाहि सारखाच आनंद होतो. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें आहेत. आकाशवाणीचीं केंद्रें न्यूजऑनएअर या अ‍ॅपवर ऐकूं येतात. या ठेव्यांचीं चार-पांच चित्रें मुख्य पानावर मांडून बाकीचीं अ‍ॅप्स आंत सारावीं. कोनाड्यांत चारच पुस्तकें असलीं म्हणजे हात पुस्तकाकडे जातो; अडगळ असली कीं जात नाहीं.

आतां पैशाविषयीं. घरांतील सर्वांचा हात ज्या यंत्राला लागतो, त्यांत पेढीचें अ‍ॅप ठेवूं नये. नवीं अ‍ॅप्स विकत घेतांना प्रत्येक वेळीं पासवर्ड विचारला जाईल, अशी व्यवस्था करावी; नाहीं तर खेळतां खेळतां मूल खरेदी करून मोकळें होतें. वृद्धांना एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी. पैसे मिळण्यासाठीं यूपीआयचा पिन कधींहि लागत नाहीं. तो पैसे देतांना लागतो. कोणी गोड बोलून ‘अमुक अ‍ॅप घ्या, म्हणजे तुमचा पडदा मला दिसेल व मी मदत करीन,’ असें म्हणाला, तर फोन तत्काळ ठेवून द्यावा. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विलंब न लावतां कळवावें. या बाबतींत घराच्या वागणुकीला फार महत्त्व आहे. चूक झाल्यावर ज्या माणसाला आपल्या मुलाच्या कपाळावरची आठी आठवते, तो ती चूक सांगत नाहीं. आणि पैसा जातो तो बहुधा या न सांगण्याच्या काळांत.

राहतां राहिला नातू. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे कीं, दोन ते चार वर्षांच्या मुलांनीं बसून पडदा पाहण्याचा काळ दिवसाकाठीं एक तासाहून अधिक नसावा, कमी असल्यास अधिक चांगलें. आणि वर्षाच्या आंतील मुलांना तो मुळींच नको. अँड्रॉइड टॅब्लेटांपैकीं पुष्कळांत २०१२ पासून घरांतील प्रत्येकाला स्वतंत्र दालन देण्याची सोय आहे. मुलाच्या दालनांत निवडक गोष्टी ठेवून वेळेचें बंधन घालतां येतें. आयपॅडमध्यें घरगुती वापरासाठीं अशीं स्वतंत्र दालनें नाहींत. परंतु वेळेची मर्यादा तेथेंहि घालतां येते आणि मुलाला एकाच अ‍ॅपमध्यें रोखून धरतां येतें. तथापि यंत्राच्या कुलुपापेक्षां घराचा नियम अधिक टिकतो. या घरानें नियम केला कीं जेवणाच्या पाटाजवळ टॅब्लेट यावयाचा नाहीं व रात्रीं दहा वाजतां तो बैठकीच्या खोलींत, उघड्या टेबलावर चार्जरला लागावयाचा. उशीखालीं किंवा पांघरुणांत चार्ज करणें धोक्याचेंहि आहे. बॅटरीला उष्णता सोसत नाहीं. पहिले चार दिवस नातवानें जेवतांना रडून घर डोक्यावर घेतलें. पांचव्या दिवशीं आजींनीं त्याला कावळ्या-चिमणीची गोष्ट सांगितली आणि वरणभात संपला. हा नियम मोठ्यांनाहि लागू होता. मुलाला आपला फोन त्याच टेबलावर ठेवणें त्याच्या धाकट्यापेक्षां जड गेलें.

शस्त्रक्रियेनंतर आजींना कागदावरचें अक्षर पुन्हां दिसूं लागलें. सकाळचें वर्तमानपत्र त्या आतां कागदावरच वाचतात. खिडकींतली जागा तीच आहे, मात्र आतां मधूनमधून एखादी बातमी मोठ्यानें ऐकूं येते. टॅब्लेट दुपारी निघतो. कॅनडांतील लेकीला त्या रोज चार ओळी पाठवितात. तिकडे तेव्हां रात्र असते; उठल्यावर लेक त्या वाचते.

मध्यंतरीं एके दिवशीं पडद्यावर कसलीशी सूचना आली आणि आजी क्षणभर थांबल्या. मुलगा शेजारींच बसला होता. संवयीनें त्यानें हात पुढें केला. आजींनीं टॅब्लेट किंचित् आपल्याकडे ओढून घेतला, वहीचें पान उलटलें आणि म्हणाल्या, “तूं हात मागें घे. मला बघूं दे.”